सोर्स हरवलेला जुना प्रोग्राम समजून घेताना: सांगली परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डातली अडत दुकानं, तासगावचे बेदाणा व्यापारी, पतसंस्था, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने, सगळीकडे अजून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम चालू आहेत. लिहिणारा पुण्याला किंवा परदेशात गेला. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कुठल्या तरी सीडीवर होता किंवा २०१९ च्या महापुरात सीपीयूबरोबर गेला. खालचे प्रश्न अशा ठिकाणांहून आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून येणारे आहेत.

आमच्याकडे फक्त चालणारा प्रोग्राम आहे, सोर्स नाही. यातून मूळ कोड परत मिळतो का?

जसाच्या तसा मिळत नाही. कंपाइल करताना (सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करताना) प्रोग्रामरने लिहिलेल्या टिपा गळून पडतात, बऱ्याचदा व्हेरिएबलची नावंही जातात. किती परत मिळेल हे भाषेवर ठरतं. फॉक्सप्रो, जावा, डॉट नेटमधून जवळजवळ वाचता येईल असा कोड निघतो. सी किंवा सी प्लस प्लसमधून निघतो तो कोडसारखा दिसणारा अंदाज.

पण बहुतेकांना कोड नकोच असतो, त्यांना नियम हवा असतो. हळदीच्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या कागदात) कडता (वजनातली कपात) कसा धरला, हमाली पोत्यावर की वजनावर, व्याजाचे दिवस कसे मोजले, एवढं कळलं की नवा प्रोग्राम लिहिता येतो. हा नियम निम्म्याहून जास्त वेळा डेटाच्या फायलींत आणि छापील पट्ट्यांत सापडतो. डिकम्पायलर, म्हणजे तयार प्रोग्रामवरून कोड काढणारं साधन, सगळ्यात शेवटी उघडायचा. उत्साही मंडळी नेमकं उलटं करतात आणि आठवडाभर असेम्ब्ली (यंत्राच्या सूचना) वाचत बसतात.

हे कायद्यात बसतं का?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) मधली एबी आणि एसी ही उपकलमं इथे कामाची. कायदेशीरपणे हातात असलेला प्रोग्राम दुसऱ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामशी जुळवून चालवायला लागणारी माहिती मिळवणं (ती इतर मार्गाने सहज मिळत नसेल तर), आणि प्रोग्राम नेहमीच्या वापरात चालवत असताना त्यामागची तत्त्वं समजण्यासाठी निरीक्षण किंवा चाचणी करणं, याला तिथे मोकळीक आहे. निघालेला कोड तसाच उचलून स्वतःच्या नावाने विकायला नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: 'पैसे आम्ही दिले, म्हणजे सोर्स आमचा.' पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम सर्वसाधारणपणे मालकाचा होतो. बाहेरच्या प्रोग्रामरला ठरावीक रक्कम देऊन करून घेतलेल्या प्रोग्रामचे हक्क मात्र लेखी करार नसेल तर सहसा त्याच्याकडेच राहतात. म्हणून पहिला फोन त्यालाच करा. पुष्कळदा तो जुन्या मेलमधून झिप फाइल काढून देतो आणि सगळं काम वाचतं. नाही मिळाली, तर 'अभ्यासासाठी उघडायला हरकत नाही' एवढं त्याच्याकडून लेखी घ्या. मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल, तर आधी परवान्याच्या अटी वाचा आणि वकिलाला विचारा.

सुरुवात कुठून करायची?

प्रतीपासून. प्रोग्रामचा अख्खा फोल्डर, डेटासह, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. विंडोजमधल्या सर्टयूटिलने मुख्य फायलींचे एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून वहीत किंवा टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे कुठलीही फाइल बदलली अशी शंका आली की हॅश ताडून पाहता येतो. दुकानात चालू असलेल्या मशीनवर प्रयोग करायचे नाहीत, मार्च अखेरीला तर मुळीच नाहीत.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं साधन) ३२ बिटचं जुनं विंडोज बसवा, नेटवर्क बंद ठेवा, प्रोग्राम चालला की लगेच स्नॅपशॉट (त्या स्थितीची परत आणता येणारी प्रत) घ्या. ३२ बिटच का? डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर मुळात सुरूच होत नाहीत. फक्त डॉसचा प्रोग्राम असेल तर डॉसबॉक्सही चालतो. दोन अडचणी नेहमी येतात. फायली उघडायची मर्यादा ओलांडल्याचा संदेश आला तर कॉन्फिग फाइलमध्ये 'फाइल्स' ची संख्या १०० करा. आणि फॉक्सप्रो २.६ सुरू होतानाच शून्याने भागाकाराची चूक दाखवून बंद पडत असेल, तर प्रोसेसर त्याच्या मानाने फार वेगवान आहे, म्हणून डॉसबॉक्समध्ये सायकल्स (वेगाचं सेटिंग) कमी करा.

पुराचं पाणी शिरलेली हार्ड डिस्क हेअर ड्रायरने वाळवून जोडून बघू नका. गाळ आत असताना डिस्क फिरली की पृष्ठभाग ओरखडला जातो, आणि मग डेटा परत मिळवणाऱ्यांनाही काही करता येत नाही.

प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिलाय हे कसं ओळखायचं?

'डिटेक्ट इट ईझी' हे फुकट साधन फाइल टाकताच कंपायलर, भाषा आणि पॅकर (प्रोग्राम दाबून बांधणारं साधन) सांगतं. हाताने बघायचं असेल तर फोल्डरमध्येच खुणा असतात. डीबीएफ (डेटाच्या टेबलांच्या) फायलींशेजारी सीडीएक्स असेल तर फॉक्सप्रो, एनटीएक्स असेल तर बहुधा क्लिपर. शेजारी एमएसव्हीबीव्हीएम६० नावाची डीएलएल असेल तर व्हिज्युअल बेसिक ६. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवणारं साधन) फाइलची सुरुवात 'एमझेड' या अक्षरांनी झाली तर डॉस किंवा विंडोजचा प्रोग्राम, 'पीके' ने झाली तर ती झिप आहे, म्हणजे जावाची जार किंवा अँड्रॉइडची एपीकेही असू शकते.

त्यानंतर 'स्ट्रिंग्ज' चालवा. प्रोग्रामच्या पोटातले सगळे वाचता येणारे शब्द त्यातून बाहेर येतात: फायलींची नावं, चुकीचे संदेश, क्वेरी, कधी कधी पासवर्डसुद्धा. इथे एक खड्डा आहे. लिनक्सवरचं स्ट्रिंग्ज नेहमीच्या पद्धतीने चालवलं तर एका बाइटचीच अक्षरं शोधतं, आणि व्हिज्युअल बेसिक ६ आपला मजकूर दोन बाइटच्या युनिकोडमध्ये ठेवतं. त्यामुळे यादी रिकामी दिसते आणि लोक प्रोग्राम 'एन्क्रिप्टेड' आहे असं समजून सोडून देतात. १६ बिटचा पर्याय देऊन पुन्हा चालवा, किंवा सिसइंटर्नल्सचं स्ट्रिंग्ज वापरा, ते दोन्ही प्रकार शोधतं.

डीबीएफ फाइल उघडते, पण आकडे जुळत नाहीत. आत काय असतं?

डीबीएफची रचना साधी आहे आणि ती एकदा हाताने वाचलीच पाहिजे. पहिला बाइट प्रकार सांगतो. हेक्समध्ये ०३ म्हणजे मेमोविना (लांब मजकुराच्या रकान्याविना) साधी डीबेस पद्धतीची फाइल, ८३ म्हणजे डीबेसची मेमोसह, एफ५ म्हणजे फॉक्सप्रो २ ची मेमोसह, ३० म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाची तारीख: वर्ष, महिना, दिवस. नंतरच्या चार बाइटांत नोंदींची संख्या, पण उलट्या क्रमाने. ८८ १३ ०० ०० दिसलं की ते १३८८ हेक्स, म्हणजे ५००० नोंदी. मग दोन बाइट हेडरची लांबी, दोन बाइट एका नोंदीची लांबी. ३२ व्या बाइटपासून प्रत्येक रकान्याला ३२ बाइट: पहिले ११ नावाचे, मग एक प्रकाराचा.

आता हिशेब करून बघा. १२ रकान्यांच्या साध्या फाइलचं हेडर ३२ + (१२ × ३२) + १ = ४१७ बाइट. नोंद ९६ बाइटची आणि नोंदी ५०००, तर फाइल ४,८०,४१७ बाइट हवी, शेवटच्या खुणेचा एक धरून ४,८०,४१८. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या फाइलला हेडरमध्ये आणखी २६३ बाइट लागतात. प्रत्यक्ष फाइल याहून मोठी निघाली, तर लाइट गेली तेव्हा नोंद लिहिली गेली पण हेडरमधली संख्या वाढली नाही, असं समजा. त्या नोंदी आत आहेत, फक्त दिसत नाहीत. प्रतीवर संख्या दुरुस्त केली की त्या परत येतात.

दुसरं कारण खोडलेल्या नोंदींचं. फॉक्सप्रोमध्ये नोंद खोडली तरी ती पॅक करेपर्यंत (खोडलेल्या नोंदी कायमच्या काढेपर्यंत) फाइलमध्येच राहते, फक्त तिच्या पहिल्या बाइटमध्ये रिकाम्या जागेऐवजी फुलीसारखी चांदणी येते. जुना प्रोग्राम 'सेट डिलीटेड ऑन' करून, म्हणजे खोडलेल्या नोंदी लपवून, चालत असतो. तुम्ही एक्सेल किंवा पायथॉनमधून बेरीज करता तेव्हा, वापरलेल्या साधनाप्रमाणे, खोडलेल्या पट्ट्याही बेरजेत येऊ शकतात.

नावांच्या रकान्यात सगळा कचरा दिसतो. फाइल खराब झाली का?

नाही, ते मराठीच आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी दोन मार्गांनी साठवली जायची आणि दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने सोडवावी लागतात.

पहिला मार्ग इस्की, म्हणजे भारतीय मानक १३१९४, १९९१ चं. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर चालणाऱ्या डॉस प्रोग्राममध्ये हा सापडतो. यात प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा आहे, उच्चाराच्या क्रमाने: 'क' म्हणजे हेक्स बी३, हलन्त म्हणजे ई८. 'मिरज' हा शब्द सीसी डीबी सीएफ बीए असा दिसतो, म्हणजे म, मग पहिली वेलांटी, मग र, ज. हे युनिकोडमध्ये नेणं सोपं, जवळजवळ एकास एक तक्ता.

दुसरा मार्ग फॉन्टचा: श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख वगैरे. इथे बाइट अक्षराचा नसून आकाराचा असतो. पहिली वेलांटी डोळ्याला जिथे दिसते तिथेच, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. रफार उलट, अक्षराच्या नंतर. अर्धा 'ख' आणि काना मिळून पूर्ण 'ख' तयार होतो. त्यामुळे नुसता तक्ता पुरत नाही. आधी आकार बदलायचे, मग वेलांटी पुढे न्यायची, मग रफार मागे आणायचा, या क्रमाने. क्रम चुकला की 'मिरज' चं 'मरिज' होतं.

कोणता मार्ग आहे हे ओळखायला गावाचा रकाना घ्या. सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत हीच नावं शेकड्याने पुन्हा पुन्हा आलेली असतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा बाइटांचा गट म्हणजे बहुधा 'सांगली', तिथून तक्ता बांधत जायचं. आणि फाइल वाचताना एन्कोडिंग लॅटिन-१ द्या. त्यात एकही बाइट बदलत नाही. विंडोजच्या डीफॉल्टवर सोडलं तर काही बाइट वाचतानाच प्रश्नचिन्ह होतात आणि ते परत येत नाहीत.

कोणत्या भाषेसाठी कोणतं साधन?

फॉक्सप्रोसाठी रीफॉक्स. पैसे मोजावे लागतात, पण पीआरजी (सोर्सच्या) फायली नावांसकट निघतात, कारण फॉक्सप्रो कंपाइल केल्यावरही व्हेरिएबल आणि रकान्यांची नावं जपून ठेवतं. फॉक्सप्रोवाल्यांनी खरं तर स्वतःला नशीबवान समजावं.

डॉट नेटसाठी आयएलस्पाय, फुकट आणि मुक्त. डीबगर हवा असेल तर डीएनस्पायएक्स. मूळ डीएनस्पायचं काम २०२० मध्येच थांबलं, तेव्हा जुन्या व्हिडिओत दाखवलेली आवृत्ती शोधत बसू नका. जावासाठी सीएफआर किंवा व्हाइनफ्लावर. एकाने एखादी मेथड अर्धवट दिली तर तीच दुसऱ्यात टाकून बघा, दोघांची अडण्याची ठिकाणं वेगळी असतात.

व्हिज्युअल बेसिक ६ चं दुखणं निराळं. प्रोग्राम पी-कोडमध्ये (मधल्या भाषेत) कंपाइल केला असेल तर व्हीबी डिकम्पायलर बरंच काही देतो. नेटिव्ह (थेट यंत्राच्या भाषेत) केला असेल तर फॉर्म, बटणं, इव्हेंटची नावं हाताला लागतात, आणि बटणामागे काय चालतं ते असेम्ब्लीतच राहतं. नेटिव्ह निघाला की आम्ही कोडचा नाद सोडून बाहेरून तपासणीकडे वळायला सांगतो.

सी, सी प्लस प्लस, डेल्फीसाठी घिड्रा. आयडीए प्रो जुनं आणि भारी आहे, पण सांगलीतल्या पतसंस्थेच्या कामासाठी त्याची किंमत मोजायचं काही कारण नाही.

बाहेरून तपासणी म्हणजे नेमकं काय?

सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर उघडा. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव आणि 'राइटफाइल' ही क्रिया टाका. आता प्रोग्राममध्ये एकच पट्टी भरून सेव्ह करा. कोणत्या फायलींत, कोणत्या क्रमाने, कितव्या बाइटपाशी लिहिलं गेलं ते सगळं दिसतं. पट्टी सेव्ह करण्याआधीची आणि नंतरची डीबीएफ शेजारी ठेवून फरक काढला की कोणता रकाना कुठून भरतो हे कळतं.

मग आकडे एकेक करून बदलायचे. वजन १०० किलो, भाव १०,०००, पोतं १, बाकी सगळं शून्य. पुढच्या पट्टीत फक्त पोती १ ची २. त्यापुढे फक्त वजन १००.५००. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही, आणि हाच आळस सगळ्यात जास्त वेळ खातो. सीमेवरचे आकडे जरूर द्या: अर्धा किलो, शून्य पोती, वर्षाची शेवटची तारीख, २९ फेब्रुवारी.

नियम सापडला, नवा प्रोग्रामही लिहिला, पण शंभरात एखादी पट्टी एका पैशाने चुकते.

हा राउंडिंगचा प्रश्न आहे. ४७.२५ किलो माल, भाव क्विंटलला १३,२५०. गुणाकार ६,२६०.६२५. फॉक्सप्रोचं आणि एसक्यूएल सर्व्हरचं राउंड याचे ६,२६०.६३ करतं. व्हिज्युअल बेसिक ६ चं राउंड ६,२६०.६२ करतं, कारण बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. डॉट नेटचं मॅथ राउंड काही न सांगता वापरलं तर असंच वागतं, पायथॉनचंही. आणि त्याच व्हिज्युअल बेसिकमधलं फॉरमॅट मात्र शाळेत शिकवल्यासारखं वर नेतं. एकाच प्रोग्राममध्ये पडद्यावर एक आणि छापील पट्टीवर दुसरा आकडा दिसला, तर एका जागी राउंड आणि दुसऱ्या जागी फॉरमॅट आहे का ते बघा.

क्रमानेही फरक पडतो. वजन गुणिले भाव, मग भागिले १०० केलं तर वरचा आकडा डबल प्रकारातही नेमका येतो. आधी १०० ने भागलं तर ०.४७२५ हा अपूर्णांक दुअंकी पद्धतीत नेमका बसत नाही, आणि अर्ध्यावरचा आकडा किंचित अलीकडे किंवा पलीकडे सरकू शकतो. म्हणून चुकलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा आणि त्या सगळ्या अर्ध्या पैशावरच्या आहेत का ते तपासा. असतील तर नियम बरोबर आहे, फक्त राउंडिंगची तऱ्हा बदला.

पतसंस्थेच्या व्याजाचं सूत्र कसं शोधायचं?

एका साध्या खात्यावरून. मुद्दल ५०,०००, दर ९ टक्के, १ एप्रिल ते ३० जून. व्याज १,१०९.५९ आलं तर ९० दिवस आणि ३६५ चं वर्ष. १,१२१.९२ आलं तर दोन्ही दिवस धरून ९१. १,१२५ आलं तर ३६० चं वर्ष किंवा महिन्यांवर आकारणी, आणि या दोघांतला फरक काढायला ३१ दिवसांचा एक महिना घेऊन पुन्हा बघावं लागतं. नंतर लीप वर्षातलं खातं घ्या, मग मधे हप्ता भरलेलं, मग दर मधेच बदललेलं.

एक इशारा. जुन्या प्रोग्राममध्ये चूक सापडली तर ती गुपचूप दुरुस्त करू नका. सभासदांना वर्षानुवर्षं त्याच चुकीने व्याज दिलेलं असतं. नव्या प्रोग्राममध्ये ती आधी तशीच ठेवा, लेखापरीक्षक आणि संचालक मंडळापुढे मांडा, तारीख ठरली की बदला.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन थेट संगणकात घ्यायचंय, कंपनी प्रोटोकॉल देत नाही.

हे सगळ्यात सोपं रिव्हर्स इंजिनिअरिंग. नऊ पिनच्या कनेक्टरमध्ये संगणकाच्या बाजूने २ नंबरची पिन डेटा घेणारी, ३ पाठवणारी, ५ ग्राउंडची. टर्मिनल प्रोग्राममध्ये ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट लावून बघा. अगम्य चिन्हं आली तर ४८००, २४००, १२००. तरी नाही जमलं तर सात बिट आणि सम पॅरिटी. काहीच आलं नाही तर २ आणि ३ ची अदलाबदल करा, किंवा काटा प्रिंटचं बटण दाबल्यावरच पाठवत असेल.

मग २० किलोचं प्रमाणित वजन ठेवून बाइट लिहून घ्या, नंतर ५०, नंतर रिकामा काटा. सहसा सुरुवातीला ०२, शेवटी ०डी, मधे साधे अंक आणि एखादा बाइट वजन स्थिर आहे की हलतंय हे सांगणारा असतो. तो बाइट ओळखल्याशिवाय काम पूर्ण समजू नका, नाहीतर पोतं टेकवतानाचं हलतं वजन पट्टीवर येईल. काट्याचं सील मात्र अजिबात तोडायचं नाही, ते वैधमापन खात्याचं काम.

घिड्रा उघडलं, पण पुढे काय करावं कळत नाही.

घिड्रा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मार्च २०१९ मध्ये खुलं केलं. ते जावावर चालतं, नव्या आवृत्त्यांना जेडीके २१ लागतं. प्रोजेक्ट बनवा, फाइल इम्पोर्ट करा, विश्लेषणाला 'यस' म्हणा आणि खाली उजवीकडचा प्रोग्रेस बार संपेपर्यंत हात लावू नका.

'मेन' पासून वाचायला लागू नका. सर्च मेनूतून स्ट्रिंग्ज काढा, पडद्यावर दिसणारा एखादा संदेश शोधा, उदाहरणार्थ 'वजन शून्य आहे' ज्या इंग्रजी किंवा रोमन लिपीत लिहिला असेल तसा. त्याचे संदर्भ बघा, ज्या फंक्शनमध्ये तो वापरलाय तिथे जा. तेच फंक्शन तुमच्या कामाचं. कळेल तसं एल दाबून नाव बदला, अर्धविराम दाबून टीप लिहा. नाव चुकीचं ठरलं तरी चालेल, पण घिड्राने दिलेलं एफयूएन आणि आकडे असंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात होते.

डिकम्पायलरच्या खिडकीत विचित्र आकडे घाबरवतात. असेम्ब्लीत एखाद्या संख्येला हेक्स ५१ईबी८५१एफ ने गुणून निकाल ३७ बिट उजवीकडे सरकवलेला दिसला, तर तो १०० ने भागाकार आहे. भागाकार मंद म्हणून कंपायलर असा गुणाकार घालतो.

सोर्स आहे, पण तीनशे फायली आहेत. कुठून धरायचं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा, आणि नव्या नोकरीतल्यांचाही. आधी डेटाबेसचा आराखडा काढा, स्कीमास्पाय टेबलांचे संबंध चित्रात दाखवतं. टेबलं कळली की निम्मा प्रोग्राम कळतो. मग कोडातल्या फंक्शनांची यादी आणि चित्रं काढणारी डॉक्सिजन आणि ग्राफविझ. सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स्ट्रॅक्ट ऑल, रिकर्सिव्ह, हॅव डॉट आणि कॉल ग्राफ या चार ओळी 'यस' करा. पहिलीशिवाय टिपा नसलेली फंक्शन्स यादीत येतच नाहीत, आणि आपल्याकडच्या कोडात टिपा नसतातच.

अख्ख्या प्रकल्पाचं एकच मोठं चित्र काढून भिंतीवर लावू नका, त्यातून काही कळत नाही. एक काम निवडा, समजा 'बिल छापा', आणि बटणापासून टेबलपर्यंत तेवढीच साखळी काढा. गिट (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) असेल तर सर्वात जास्त वेळा बदललेल्या दहा फायली काढा. खरा व्यवहार तिथेच राहतो.

एआयला किंवा ऑनलाइन डिकम्पायलरला फाइल दिली तर?

डिकम्पाइल झालेलं एखादं फंक्शन देऊन 'हे काय करतं' असं एआयला विचारायला हरकत नाही, व्हेरिएबलना नावं सुचवण्यात ते तरबेज आहे. पण ते छातीठोकपणे चुकतं, विशेषतः राउंडिंग आणि तारखांत. त्याचं उत्तर जुन्या पट्टीवर ताडल्याशिवाय धरायचं नाही. सभासदांची नावं, आधार, खाते क्रमांक असलेली डेटाची फाइल कुठल्याही वेबसाइटवर चढवायची नाही. प्रोग्रामच्या पोटात सर्व्हरचा पासवर्ड असू शकतो, म्हणून तोही नको.

डाँगल (परवाना तपासण्यासाठी संगणकाला जोडायचं उपकरण) मोडलाय. तो काढून टाकता येईल का?

आम्ही सांगणार नाही. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विक्रेत्याकडून डाँगल बदलून घ्या. विक्रेता उरला नसेल, तर डीबीएफ वाचायला डाँगल लागत नाही, डेटा तुमचा आहे.

अँड्रॉइड ॲपचं काय?

जॅडएक्स. एपीके टाका, जावा वाचा. सगळे वर्ग ए, बी, सी अशा नावांचे दिसले तर नावं मुद्दाम छोटी केलेली आहेत. तेव्हा सर्व्हरचे पत्ते आणि पडद्यावरचा मजकूर शोधून तिथून मागे जायचं.

काम पुरं झालं असं कधी म्हणायचं?

एका अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या जुन्या आणि नव्या प्रोग्राममधून काढून पैशापर्यंत जुळल्या, आणि न जुळलेल्या प्रत्येकीचं कारण लिहून सांगता आलं की. बेरीज जुळली एवढ्यावर थांबू नका, दोन उलटसुलट चुका बेरजेत लपतात. सापडलेला प्रत्येक नियम एका वाक्यात लिहा आणि त्याखाली पुरावा म्हणून पट्टी क्रमांक टाका. ही यादी दुकानातल्या जुन्या दिवाणजींना वाचून दाखवा. 'अमुक पेढीला हमाली लावत नाही' असले अपवाद कोडात कुठेतरी ग्राहक क्रमांक टाकून कोंबलेले असतात, आणि त्यांचं कारण फक्त त्यांनाच माहीत असतं.

हे शिकायला कुठला कोर्स करावा?

कोर्स नंतर. सी मध्ये वीस ओळींचा व्याजाचा प्रोग्राम लिहा, जीसीसीने ऑप्टिमायझेशन न लावता कंपाइल करा आणि घिड्रात उघडा. उत्तर तुमच्याकडेच असल्यामुळे यंत्राने काय बदललं ते लगेच दिसतं. तोच प्रोग्राम ओ-२ (ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावून पुन्हा उघडा. काही फंक्शन्स गायब झालेली असतील, ती कुठे मिसळली ते शोधा. मग डीबगची माहिती 'स्ट्रिप' ने काढून तिसऱ्यांदा. त्यानंतर मित्राला त्याचा प्रोग्राम द्यायला सांगा आणि त्याने सोर्स न दाखवता सूत्र शोधून काढा.